पिंजऱ्यातल्या जिवाला लपायला जागा

रानजाई
शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय नेहमीचा नाही, पण दोन आठवडे झाले, डोक्यातून जात नाही.

मी नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरचा परिणाम) शिकवते. तिथलं अ‍ॅनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगासाठीचे प्राणी ठेवायची खोली, माझ्याकडे आहे. विस्टार रॅट, स्विस अल्बिनो माईस आणि थोडे गिनीपिग. (मराठीत दोन्ही उंदीरच. पण रॅट पाव किलोचा, माऊस पंचवीस-तीस ग्रॅमचा, आणि दोघांच्या गरजा वेगळ्या. म्हणून रॅट आणि माऊस असंच लिहिते.) एम.फार्म.च्या मुलांचे प्रोजेक्ट यांच्यावर चालतात. प्रत्येक प्रोटोकॉलला (प्रयोगाच्या लेखी आराखड्याला) इथिक्स कमिटीची मंजुरी घेतो, किती प्राणी लागतील ते लिहून देतो, तापमान आणि आर्द्रतेची वही रोज भरतो. तपासणीत कधी शेरा आला नाही. त्यामुळे मी निर्धास्त होते.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीचं रीडिंग राहिलं म्हणून संध्याकाळी थांबले. खोलीतले दिवे टायमरवर आहेत, सातला बंद होतात. मग लाल दिवा लावला. रॅट-माईसना लाल उजेड फार कमी दिसतो, त्यांच्या लेखी तो बराचसा अंधारच. दिवसा आम्ही जातो तेव्हा सगळे एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात आणि आम्ही म्हणतो, शांत आहेत. अंधार पडला तशी खोली जागी झाली. वरच्या रॅकवर एक मादी माऊस कोपऱ्यात उडी मारून झाकणाच्या जाळीला लटकत होती, मागे कोलांटी घेत होती, त्याच जागी पडत होती, की पुन्हा जाळी. मी मोजायला लागले. तीसनंतर मोजवेना. शेजारच्या केजमध्ये एक नर जाळीची तार चावत बसला होता, तोही एका लयीत.

आमचे अटेंडंट मामा मागे उभे होते. पेठकडचे आहेत, अठरा वर्षं इथेच. म्हणाले, "मॅडम, ती रोजच करते. रात्रभर. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. जागेवर बांधलेल्या हत्तीचं डोलणं किंवा पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझाऱ्या मी वर्गात शिकवते. स्टिरिओटाइपी म्हणतात त्याला, करण्यासारखं काही उरलं नाही की जीव एकच हालचाल धरून बसतो. तीच गोष्ट माझ्या ताब्यातल्या खोलीत रोज रात्री घडत होती आणि मी सकाळी दहाला येऊन वहीत सही करत होते.

मग वाचायला बसले. आमच्या केजमध्ये काय असतं? खाली भाताचं तूस (घोटीच्या राइस मिलमधून पोती येतात), वर हॉपरमध्ये (जाळीच्या खणात) पेलेट म्हणजे खाण्याच्या गोळ्या, पाण्याची बाटली. एवढंच. माऊस हा बिळात राहणारा, घरटं करणारा प्राणी. उघड्यावर असणं म्हणजे घारीच्या आणि घुबडाच्या नजरेत असणं, हे त्याच्या रक्तात आहे. त्याला आपण पारदर्शक डब्यात ठेवतो आणि आत आडोसा म्हणून एक काडीही ठेवत नाही.

ऊब ही दुसरी गोष्ट. माऊसला आरामात राहायला ३० अंशांच्या आसपास तापमान लागतं. आमची खोली २२-२३ वर असते, कारण एप्रन घालून काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत पहाटे वीज गेली की हीटर बंद, आणि पारा कुठे जातो ते वेगळं सांगायला नको. जोसेफ गार्नर आणि ब्रायना गॅस्किल या संशोधकांनी हेच अभ्यासलं. माऊसला ८ ते १० ग्रॅम घरट्याचं सामान दिलं, तर तो स्वतःपुरती ऊब स्वतः तयार करतो. खोलीचं तापमान बदलायची गरज नाही, कागद दिला तरी चालतो.

रॅटचं तर आणखी साधं दुखणं आहे. मोठा रॅट मागच्या पायांवर ताठ उभा राहिला तर २५ सेंटिमीटरच्या वर जातो. अमेरिकेच्या प्रयोगप्राण्यांच्या मार्गदर्शिकेत रॅटच्या केजची किमान उंची १७.८ सेंटिमीटर दिली आहे. म्हणजे आयुष्यभर पाठ सरळ न करता जगायचं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या माकोव्स्का आणि वीअरी यांचा २०१६ चा अभ्यास आहे. बुटक्या केजमधले रॅट सारखे आडवे ताणून आळस देतात, कारण उभं राहून अंग मोकळं करता येत नाही. हे वाचल्यापासून मला कुठल्याही रॅटचा आळस नुसता बघवत नाही.

कमिटीपुढे प्रस्ताव ठेवायचाय. प्रत्येक केजमध्ये लपायला जागा, घरट्याला सामान आणि कुरतडायला काहीतरी. विरोध होणार हे आत्ताच दिसतंय. एक म्हणतात रीडिंगमध्ये फरक पडेल, दुसरे म्हणतात साफसफाई वाढेल. बजेट जवळपास शून्य.

इथे कुणी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, प्राणिसंग्रहालयात, वनखात्यासोबत काम केलंय का? कुणी पशुवैद्य आहे का? तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं ते सांगा. नाशिकच्या बाजारात मिळेल असंच सांगा, परदेशी कॅटलॉग मला परवडणार नाही.

---

आशिष_सातपूर
शनिवार, रात्री ११:३०

ताई, मी टॉक्सिकॉलॉजीत (औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्यांत) आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमची तळमळ पोचली, पण दुसरी बाजूही सांगतो.

आमच्याकडे केजमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा हिशोब द्यावा लागतो. तूस कुठलं, त्यात कीटकनाशकाचा अंश किती, ऑटोक्लेव्ह झालं का (वाफेने निर्जंतुक केलं का). उद्या कागद टाकला आणि रॅटने खाल्ला, तर पोटात काय गेलं हे मी अहवालात कसं लिहू? लाकूड तर नकोच. देवदार आणि पाइनच्या भुश्यातल्या वासाच्या द्रव्यांमुळे लिव्हरची एन्झाइम्स वाढतात, हे जुनं सिद्ध झालेलं आहे. औषधाचं मेटाबॉलिझम बघायचं असेल तर अख्खा अभ्यास वाया. आणि प्राणी एकसारखे राहिले नाहीत, रीडिंग पसरलं, तर तोच निष्कर्ष काढायला जास्त प्राणी लागतील. मग कल्याण कुणाचं झालं?

मी विरोधासाठी विरोध करत नाही. कमिटीत हेच प्रश्न येतील म्हणून लिहिलं.

---

रानजाई
रविवार, सकाळी ८:१५

आशिषदादा, हेच हवं होतं.

लाकडाचं पूर्ण मान्य. वखारीतला भुसा आम्ही कधीच वापरत नाही. त्यात कुठलं लाकूड आणि कुठलं वाळवीचं औषध आहे हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. कडुनिंबाच्या काड्या टाकू असं एक जण म्हणाले, त्यालाही मी नाही म्हटलं. निंब हे स्वतःच औषध आहे.

पण रीडिंग पसरतं या मुद्द्यावर २००४ साली 'नेचर'मध्ये वोल्फर, वुर्बेल वगैरेंचा अभ्यास आला होता. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तेच प्रयोग, अर्धे माईस रिकाम्या केजमध्ये आणि अर्धे भरलेल्या. भरलेल्या केजमुळे आकड्यांचा पसारा वाढला नाही आणि प्रयोगशाळांमधला मेळही बिघडला नाही. म्हणजे ही भीती मोजून पाहिली गेली आहे.

उलट बाजूचा विचार करा. ज्याच्याशी तुलना करायची, ज्याला आपण नॉर्मल कंट्रोल म्हणतो, तो प्राणी नॉर्मल आहे का? रात्रभर कोलांट्या मारणारा, थंडीत कुडकुडणारा माऊस हा कशाचा कंट्रोल? मेंदूबद्दल तर हे कधीच कळलंय. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी काही रॅट घरी मुलांकडे वाढवायला दिले आणि १९४७ मध्ये सांगितलं की घरात मोकळे फिरलेले रॅट कोडी सोडवण्यात केजमधल्यांपेक्षा सरस ठरले. पुढे साठच्या दशकात बर्कलीत रोझेन्झ्वाइग, मेरियन डायमंड यांच्या गटाने दाखवलं की समृद्ध केजमधल्या रॅटच्या मेंदूचं वरचं आवरण वजनाने आणि जाडीने जास्त भरतं. तरी आपण स्मृतीच्या औषधांची चाचणी रिकाम्या डब्यात वाढलेल्या रॅटवर घेतो.

---

निफाडकर
रविवार, दुपारी १:०५

मॅडम, मी शेतकरी माणूस, प्रयोगशाळेतलं कळत नाही. पण तुमच्या धाग्याचं नाव वाचलं आणि एक गोष्ट आठवली ती सांगतो.

आमच्याकडे ऊस तुटायला लागला की बिबट्या बाहेर पडतो हे नवं नाही. मागे आमच्या शिवारात वनखात्याने पिंजरा लावला होता. पहाटे अडकला. सात वाजेपर्यंत दोनशे माणूस. मोबाइल, शिट्ट्या, पोरं खांद्यावर. बिबट्या गजावर धडका देत होता, तोंडातून रक्त. आम्हाला वाटलं चिडलाय, चवताळलाय. मग वनरक्षक आले, त्यांनी आधी माणसं मागे हटवली आणि पिंजऱ्यावर चारी बाजूंनी ताडपत्री टाकली. बाकी काही केलं नाही. पाच मिनिटांत आतला आवाज बंद. मी अगदी जवळ होतो, फक्त श्वास ऐकू येत होता.

तो माणूस बोलला ते लक्षात आहे. म्हणे, चवताळलेला नाही, भ्यालेला आहे, त्याला कुठं जायला जागा नाही. तुमचा वीस ग्रॅमचा उंदीर आणि आमचा पन्नास किलोचा बिबट्या, दोघांचं एकच म्हणणं दिसतंय.

---

रानजाई
रविवार, दुपारी १:४०

निफाडकर, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाकायला हवं. धन्यवाद.

---

पशुवैद्य_सिन्नर
रविवार, रात्री ९:२०

निफाडकर म्हणतात ते तंतोतंत खरं आहे. पिंजऱ्यातले बिबटे मी पाहिले आहेत. गज चावून सुळे तुटतात, नाक-कपाळ सोलवटतं. सुळा तुटलेला बिबट्या रानात शिकार कशी करणार? म्हणजे त्या दोन तासांच्या गर्दीत त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. ताडपत्री हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे.

एनरिचमेंट (पिंजऱ्यातलं जगणं समृद्ध करणाऱ्या गोष्टी) म्हटलं की लोकांना चेंडू, दोऱ्या, खेळणी आठवतात. पण प्राणी कुठे जाणार आहे त्यावर सगळं ठरतं.

जो बिबट्या परत सोडायचाय त्याला खेळणं द्यायचं नाही, नाव ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही. अंधार, आडोसा, शांतता, कमीत कमी माणूस, आणि लवकर सुटका. माणसाची सवय लागली तर ती त्याच्या मुळावर येते. जागा बदलूनही प्रश्न सुटत नाही. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर तिथे हल्ले वाढल्याचं वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या कामातून पुढे आलं.

जो कधीच सुटणार नाही, जसे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रातले बिबटे, त्याचं गणित वेगळं. त्याला उंच मचाण हवं, कारण वरून बघत पडून राहणं हा त्याचा स्वभाव. नख्या घासायला ओंडका हवा. मांस रोज त्याच जागी त्याच वेळी न टाकता शोधायला लावावं. रोज नवा वास मिळावा. झ्युरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे हेडिगर हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून सांगत होते की प्राण्याला नुसती जागा पुरत नाही, जागेत काय आहे ते महत्त्वाचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत पोर्टलँडला हॅल मार्कोविट्झ यांनी प्राण्याला स्वतःचं अन्न स्वतः मिळवायला लावणाऱ्या यंत्रणा बसवल्या. २००३ मध्ये क्लब आणि मेसन यांनी दाखवलं की रानात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका लांब, तितक्या त्याच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या जास्त. काही जातींना पिंजरा कितीही सजवला तरी पुरत नाही, हेही त्यातून कळतं.

रानजाई मॅडम, तुमच्या प्रश्नाकडे येतो. क्रम लावायचा तर आधी लपायला जागा, मग घरट्याचं सामान, मग कुरतडायला, मग खेळ. हा क्रम उलटा करू नका.

---

हिरवाचाफा
सोमवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. माझं मन या धाग्यात रमत नाही, तरी लिहिते.

तुरुंगात पडदे लावल्याने तुरुंग बरा होतो का? ज्या माऊसला तुम्ही कागद द्याल त्यालाच महिनाभराने मारणार आहात. मला हे सगळं आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून केल्यासारखं वाटतं. प्रयोगच का थांबवत नाही? भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी २०१४ मध्ये बंद झाली, काय अडलं? तुमच्याच क्षेत्रात पर्याय आहेत, मग त्यासाठी का भांडत नाही?

---

रानजाई
सोमवार, रात्री १०:१०

हिरवाचाफा, तुमच्या शब्दांनी लागलं, आणि लागायलाच हवं होतं. उत्तर द्यायला दिवसभर घेतला.

पर्यायांसाठी भांडतेय. पदवीच्या मुलांचे प्राण्यांवरचे कितीतरी प्रयोग आम्ही सॉफ्टवेअरवर नेले. प्राणिशास्त्राच्या वर्गातलं डिसेक्शन यूजीसीने २०१४ मध्ये बंद केलं. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत बदल होऊन पेशींवरच्या आणि चिपवर अवयवाची नक्कल करणाऱ्या पद्धतींना जागा मिळाली. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं वापरा, वापरलेच तर कमीत कमी, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या देशाच्या समितीने त्यात पुनर्वसनाची चौथी गोष्ट जोडली. पहिल्या गोष्टीवर मी तुमच्यासोबत आहे.

पण आज रात्री माझ्या खोलीत केजमध्ये बसलेल्या जिवांना ते सगळं होईपर्यंत थांबता येत नाही. मंजूर झालेला प्रोजेक्ट उद्या बंद होणार नाही. त्यांच्या वाट्याला जे काही आठवडे आहेत, ते रिकाम्या डब्यात जावेत की घरट्यात, एवढं आज माझ्या हातात आहे. त्याने माझं मन स्वच्छ होत नाही. ते व्हावं अशी अपेक्षाही नाही.

---

हिरवाचाफा
मंगळवार, सकाळी ७:०५

पटलं असं म्हणत नाही. पण कागद नक्की द्या.

---

गोदाकाठ
मंगळवार, दुपारी ४:२५

मी निवृत्त शिक्षक. एका संस्थेच्या इथिक्स कमिटीवर तीन वर्षं होतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची जी समिती आहे (पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए), तिच्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेच्या कमिटीत विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्य लागतो. तो मी होतो.

पहिल्या दोन बैठका मी गप्प बसलो. समोर सगळे डॉक्टरेट, कागदावर डोस आणि ग्रुप, आपण काय बोलणार? तिसऱ्या बैठकीत एका प्रोटोकॉलमध्ये ससे एकेकटे ठेवणार असं लिहिलं होतं. मी विचारलं, हा ससा दिवसभर काय करतो? कुणाकडे उत्तर नव्हतं. नंतर सगळे मिळून बघायला गेलो. ससा कान उभे करून बसू शकत नव्हता, वर जाळी लागत होती. शेवटी त्यांनी केज बदलल्या, रोज मूठभर वाळलं गवत आणि चढून बसायला एक फळी दिली.

तुमच्या कमिटीतही असा सदस्य असणार. त्याला बैठकीआधी संध्याकाळी सातनंतर अ‍ॅनिमल हाऊसमध्ये घेऊन जा. प्रस्तावाचं काम अर्धं तिथेच होईल.

जाता जाता, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं आपल्या कायद्यात वाचून दाखवली. भूक-तहान, गैरसोय, दुखणं, भीती यांपासून सुटका, आणि पाचवं म्हणजे आपल्या जातीसारखं वागायची मोकळीक. शर्यतींचं पुढे काय झालं ते बैलगाडावाल्या महाराष्ट्राला सांगायला नको, २०२३ च्या निकालाने त्या चालू राहिल्या. पण ती पाच नावं निकालपत्रात आली. प्रस्तावात त्यांचा आधार घ्या.

---

शुभांगी_पंचवटी
बुधवार, रात्री ८:००

थोडं विषयाबाहेर, माफ करा. माझ्या मावससासूबाईंकडे पोपट आहे, बारा वर्षं. छातीवरची पिसं उपटून टाकलीत त्याने. डॉक्टरकडचं मलम झालं. धागा वाचून वाटलं, हा पण तोच प्रकार का? पिंजरा हॉलच्या मधोमध टांगलेला आहे, टीव्हीसमोर. चारी बाजूंनी उघडा.

---

पशुवैद्य_सिन्नर
बुधवार, रात्री ९:४५

विषयाबाहेर अजिबात नाही. माईट किंवा कातडीचा आजार नसेल तर तोच प्रकार असण्याची शक्यता मोठी. पोपट थव्याचा पक्षी, दिवसभर कुरतडणारा. तुमच्याकडे तो एकटा, आणि खाणं वाटीत आयतं.

आधी एक स्पष्ट सांगतो. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बारा वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी खिडकीतून सोडून देऊ नका, दोन दिवस जगणार नाही. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर बोला. घरातून नीट सोपवणं हेच त्याच्या भल्याचं आहे.

तोवर पिंजरा भिंतीला लावा, दोन बाजू चादरीने झाका, टीव्हीपासून दूर. पेरूच्या सालीसकट ताज्या फांद्या द्या. शेंगा सोलून देऊ नका, त्याला सोलू द्या.

---

रानजाई
सात आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतेय. काय झालं ते सगळं सांगते, फसलेलंही.

गोदाकाठ सरांचं ऐकलं. कमिटीच्या बाहेरच्या सदस्य बाईंना रात्री आठला खोलीत नेलं. त्या दहा मिनिटं त्या मादीच्या केजसमोर उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. बैठकीत पहिली सही त्यांची.

मंजुरी मिळाली ती अशी. सगळ्या गटांना एकाच दिवशी एकसारखं सामान, नोंद प्रोटोकॉलमध्ये, अर्ध्या प्रयोगात बदल नाही. आशिषदादांचे मुद्दे जसेच्या तसे अटींमध्ये आहेत.

लपायला जागा: पहिला विचार सुगडांचा होता. संक्रांत होऊन गेली होती, कुंभाराकडे उरलेली सुगडं पडून होती, पाच रुपयाला एक मिळालं. माईस तासाभरात आत गेले, तूस ओढून तोंड बंद केलं. मला फार आनंद झाला. पण आठवड्यात कच्ची माती मूत्र शोषून वास मारायला लागली, ऑटोक्लेव्हमध्ये काहींना तडे गेले. आणि मामांची अडचण खरी होती. सकाळच्या फेरीत प्राणी दिसलाच नाही तर आजारी आहे की झोपलाय हे कसं कळणार? रोज उचलून बघितलं तर लपण्याला अर्थ नाही. आता सुगडं बंद केली. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप आणून रॅटसाठी वीतभर तुकडे केले, कडा घासल्या. माईसना दीड इंची. धुता येतात, आणि वाकून बघितलं की आतलं दिसतं.

पाइपचा दुसरा फायदा मामांनी शोधला. प्राणी पाइपमध्ये शिरला की पाइपसकट उचलायचा. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी हेच सांगितलं होतं. शेपटीला धरून उचललेले माईस माणसाला बिचकतात, नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले बिचकत नाहीत. मी पेपर वाचला होता, पण मुलांना अजून शेपटीच शिकवत होते. मामांनी पेपर न वाचता सोडून दिली. आता पहिल्या प्रॅक्टिकलला मुलांना नळी शिकवते, आणि ते मामा शिकवतात.

घरट्याचं सामान: बिनरंगी, बिनवासाचा टिश्यू पेपर, पट्ट्या करून ऑटोक्लेव्ह केलेला. यातून मला न मागितलेली एक गोष्ट मिळाली. सकाळी घरटं बघितलं की रात्र कशी गेली कळतं. तब्येत बरी असेल तर गोल, वरून झाकलेलं घरटं. कागद जिथे टाकला तिथेच पडून असेल तर त्या केजमध्ये कुणीतरी दुखण्यात आहे. वेदनेच्या प्रयोगातल्या दोन केज यामुळे आम्ही एक दिवस आधी ओळखल्या आणि वेदनाशामक दिलं.

नर माईसच्या दोन केजमध्ये मारामाऱ्या झाल्या. घर मिळालं की हद्द आली. मग वाचलं की केज साफ करताना मूत्राचं तूस पूर्ण काढायचं, पण घरट्याचा थोडा कोरडा कागद नव्या केजमध्ये ठेवायचा, ओळखीच्या वासाने भांडणं कमी होतात. एक केज निवळली. दुसरीतल्या एकाला वेगळं करावं लागलं.

मधुमेहाच्या गटातल्या रॅटना कागद चालला नाही. ते इतकं पाणी पितात आणि मुततात की कागदाचा लगदा होतो, अमोनियाचा वास डोळ्यात जातो. त्यांना फक्त पाइप, आणि तूस रोज बदलतो. खाऊ म्हणून द्राक्षं द्यायची सूचना आली होती (नाशिक म्हटल्यावर येणारच). मी नको म्हटलं. साखर आहेच, शिवाय बागेत कुठलं फवारलंय कुणास ठाऊक.

रॅटच्या केजच्या उंचीचं काही झालं नाही. उंच झाकणाच्या केजचं कोटेशन बघून प्राचार्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. मी दर महिन्याला आठवण करणार आहे. तोवर आठवड्यातून दोनदा एका मोठ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एका केजचे रॅट एकत्र, वीस मिनिटं. पहिल्याच दिवशी एक मोठा रॅट क्रेटच्या कडेला पंजे टेकून ताठ उभा राहिला आणि बराच वेळ तसाच राहिला. खाली आलाच नाही.

---

निफाडकर
रविवार, संध्याकाळी ७:१०

आणि ती कोलांटीवाली?

---

रानजाई
रविवार, रात्री ९:००

तिच्याबद्दल मुद्दाम लिहिलं नव्हतं.

ती थांबली नाही. घरटं करते, छान करते, दिवसा आत झोपते. पण रात्री पुन्हा त्याच कोपऱ्यात जाते. कमी झालंय असं मामा म्हणतात, मला खात्री नाही. हा चाळा एकदा अंगात मुरला की केज बदलूनही जात नाही, असं अभ्यासही सांगतात. तिच्यासाठी आम्ही उशिरा पोचलो. नव्या केजमध्ये जन्मलेली पिल्लं आता पाच आठवड्यांची आहेत, त्यांच्यात अजून एकही कोलांटी मारताना दिसलेला नाही. मी आठवड्यातून दोन रात्री थांबून बघते.

तिचा प्रोजेक्ट पुढच्या महिन्यात दहा तारखेला संपतो. मामा तिला रोज संध्याकाळी दिवे जायच्या आधी नवा कागद देतात.

---

आशिष_सातपूर
सोमवार, रात्री ११:०५

ताई, आमच्याकडेही ठेवला विषय. पुढच्या अभ्यासापासून घरट्याचा कागद मंजूर, पुरवठादाराच्या चाचणी अहवालासकट. माईससाठी सुरुवात करतोय. प्रत्येक केजला किती आणि कधी टाकायचा ते सांगा, एसओपीत (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) लिहायचंय.

---

रानजाई
मंगळवार, सकाळी ६:५०

किती छान बातमी दिलीत!

८ ते १० ग्रॅम, काट्यावर मोजून. चिमूटभर टाकला तर नुसती गादी होते, वर छप्पर येत नाही. पट्ट्या लांब ठेवा, बारीक तुकडे विणता येत नाहीत. दिवे बंद व्हायच्या तासभर आधी टाका, केजच्या मधोमध, कोपऱ्यात नको. कोपरा कुठला घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या. सकाळी आत जाल तेव्हा आधी घरटं बघा, मग वजनकाटा.